पुस्तकाकडे पाठ

चिनी भाषेत पाठ करण्याला 'बेइ' म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे पाठ, म्हणजे आपली ओझं वाहायची पाठ. मराठीत हा योगायोग आहे. एक पाठ 'पृष्ठ'वरून आली, दुसरा पाठ पठणातला. चिनीत मात्र दोन्ही अर्थ एकमेकांना धरून आहेत. पुस्तकाकडे पाठ करून उभं राहायचं आणि आतला मजकूर घडाघडा म्हणून दाखवायचा, ते 'बेइ'. शब्द पाठ करणं म्हणजे 'बेइ दान्त्स'. चीनमधल्या माध्यमिक शाळेतल्या मुलाला इंग्रजीचा अभ्यास कसा करतोस असं विचारलं, तर उत्तरात 'बेइ दान्त्स' आल्याशिवाय राहायचं नाही.

या पाठांतरावर त्या मुलांचा स्वतःचाच एक विनोद आहे. शब्दांची पुस्तकं वर्णक्रमाने लावलेली असतात आणि त्यांत अगदी सुरुवातीला येणारा भारदस्त शब्द म्हणजे 'अबॅन्डन', सोडून देणे. पोरं मोठ्या उत्साहाने पहिलं पान उघडतात, हा शब्द पाठ करतात आणि त्याच्या अर्थाबरहुकूम वागतात. महिन्याभराने पुन्हा उत्साह, पुन्हा पहिलं पान, पुन्हा 'अबॅन्डन'. अख्ख्या यादीतला एवढा एक शब्द देशातल्या झाडून सगळ्यांना येतो.

विनोद बाजूला ठेवू. दोन-तीन हजार शब्द खरोखर पाठ असलेलं मूलही तीनशे शब्दांच्या उताऱ्यापुढे अडकतं, ते का? आळस किंवा मठ्ठपणा असं उत्तर देऊन मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. अडचण दोन भाषांच्या घडणीत आहे, आणि मराठी माणसाला ती इंग्रजापेक्षा लवकर उमगेल असं मला वाटतं.

आधी शब्द घेऊ. पाणघोडा या शब्दात पाणी आहे आणि घोडा आहे. प्राणी कधी न पाहिलेल्या मुलालाही त्यावरून काहीतरी अंदाज बांधता येतो. चिनीत तो 'ह-मा', म्हणजे नदी आणि घोडा. इंग्रजीत तो हिपोपोटॅमस. त्यातही घोडा आणि नदीच आहे, पण ग्रीकमध्ये: हिप्पोस म्हणजे घोडा, पोटामोस म्हणजे नदी. ग्रीक न येणाऱ्या पोराला ती बंद पेटी. वरून ठोकून आत काय आहे ते कळत नाही.

चिनी शब्दसंपत्ती बरीचशी पाणघोड्याच्या जातीची आहे. कॉम्प्युटर म्हणजे 'विजेचा मेंदू', टेलिफोन म्हणजे 'विजेचं बोलणं', सिनेमा म्हणजे 'विजेच्या सावल्या'. मांसाला 'रौ' म्हणतात. डुकराचं चू-रौ, गाईचं न्यू-रौ, मेंढीचं यांग-रौ. प्राण्याचं नाव आलं की मांसाचं नाव आपोआप आलं. इंग्रजीत गोठ्यात काऊ आणि ताटात बीफ, वाड्यात शीप आणि ताटात मटण. महिन्यांचं तर विचारूच नका. चिनीत जानेवारी म्हणजे 'एक-महिना', फेब्रुवारी 'दोन-महिना', असं सरळ बारापर्यंत. रविवार सोडला तर वारही तसेच, सोमवार म्हणजे 'आठवडा-एक'. बारापर्यंत मोजता आलं की कॅलेंडर येतं. तेच मूल इंग्रजीच्या तासाला बसलं की महिन्यांचे बारा आणि वारांचे सात, असे एकोणीस नवे शब्द एकेक करून पाठ करतं.

शिवाय आपल्या मुलांना जी फुकटची शिदोरी मिळते ती त्यांच्याकडे नाही. मराठी मूल शाळेचं तोंड बघण्याआधीच बस, पेन, लाइट, स्टेशन, डॉक्टर, मोबाइल म्हणत असतं. इंग्रजीच्या पुस्तकात हे शब्द आले की ती जुनी ओळख असते. चिनी भाषा बाहेरच्या शब्दाला सहसा तसाच घरात घेत नाही; अर्थाचं माप घेऊन त्याला नवे कपडे शिवते. कॉफी, सोफा, चॉकलेट असे मोजके शब्द आवाजासकट आले. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये बस आणि टॅक्सीही आहेत. बाकी सारा इंग्रजी कोश अनोळखी माणसांनी भरलेला.

त्यात लिपीची एक खोच. चीनमध्ये १९५८ पासून चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची 'पिनयिन' पद्धत आहे आणि मुलं ती पहिलीतच शिकतात. म्हणजे ए, बी, सी डोळ्यांना नवे नाहीत. पण त्यांचे आवाज वेगळे बसलेले असतात: 'क्यू' म्हणजे साधारण आपला छ, 'एक्स' म्हणजे श, 'सी' म्हणजे त्स. तैवानमध्ये त्यासाठी ३७ चिन्हांची वेगळीच वर्णमाला आहे, त्यामुळे तिथे निदान हा घोळ नाही. शिवाय चिनी अक्षर शिकायची रीत गिरवण्याची. नववीपर्यंत साधारण ३,५०० अक्षरं ओळखता यायला हवीत, आणि ती वहीत ओळीच्या ओळी काढल्याशिवाय हाताला बसत नाहीत. तीच सवय इंग्रजीत उतरते. मुलं शब्द चित्रासारखा घोटतात, अक्षरांचा क्रम बरोबर येतो, पण त्याचा आवाज कानात नसतो. मनातल्या मनात वाचतानाही आपण थोडंसं ऐकत असतो, आणि मुका शब्द वाक्याच्या शेवटापर्यंत लक्षात टिकत नाही.

या बंद पेट्या उघडायच्या मुलांनी शोधलेल्या क्लृप्त्या मात्र झकास आहेत. ॲम्ब्युलन्स हा शब्द ते 'आन बू-नंग-स' असा ऐकतात. अर्थ, 'म्या मरायचा न्हाय'. त्यातला 'आन' हा उत्तर चीनच्या खेड्यातला 'मी', म्हणून 'म्या'. इकॉनॉमी म्हणजे 'यीखाओ नोंगमिन', शेतकऱ्यांवर विसंबून राहा. पेस्ट म्हणजे कीड, ती 'पाय-स-था', फटका मारून संपव तिला. एकदा ऐकलं की जन्मात विसरत नाही, हे खरं. पण उताऱ्यात असा शब्द आला की डोकं आधी गावठी वाक्याकडे जातं, तिथून रुग्णवाहिकेकडे, आणि तोवर वाक्य हातचं निसटतं. दहा-पंधरा हट्टी शब्दांसाठी ही युक्ती ठीक. तीनशे शब्द असे शिकले तर वाचताना दर ओळीला आडवाट घ्यावी लागते. उच्चाराचं मातेरं होतं ते निराळंच.

त्यापेक्षा पेटी खरोखर उघडून दाखवणारे शिक्षक मला जास्त आवडतात. टेली म्हणजे दूर, स्कोप म्हणजे बघणं, ग्राफ म्हणजे लिहिणं. डायनोसॉरचा मूळ अर्थ भयंकर सरडा. चिनीत त्याला 'खोंग-लोंग' म्हणतात, भयंकर ड्रॅगन. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की मुलाच्या लक्षात येतं, अरे, हे लोकही आपल्यासारखेच शब्द जोडतात, फक्त जोड दिसू देत नाहीत. शब्दाचे अवयव बघायची सवय चिनी मुलाला मातृभाषेनेच लावलेली असते. ती इंग्रजीत वापरायला कुणीतरी सांगावं लागतं, इतकंच.

आता वाक्याकडे येऊ, कारण खरी पडझड तिथे होते. हे वाक्य बघा: 'द मॅन हू सोल्ड मी द बायसिकल यस्टरडे लिव्हज निअर द स्टेशन.' चिनीत हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून असं होईल: 'काल विकली मला सायकल तो माणूस राहतो स्टेशनजवळ.' आणि आपण म्हणतो, 'काल मला सायकल विकलेला माणूस स्टेशनजवळ राहतो.' माणूस कोण, कुठला, त्याने काय केलं, हे सगळं चिनीत आणि मराठीत माणसाच्या आधी येतं. वऱ्हाडी पुढे, नवरदेव मागे. इंग्रजीत नवरदेव आधी येऊन उभा राहतो आणि वरात त्याच्या मागून रेंगाळत येते. आपल्याकडे 'ज्या माणसाने... तो माणूस' असा दुसरा रस्ताही आहे, म्हणून 'हू' आणि 'व्हिच' आपल्याला अगदीच परके वाटत नाहीत. चिनीत 'जो-तो' नाही. त्यांना ही वरात कुठे संपते आणि नवरदेवाचं क्रियापद कुठे सुरू होतं, हे ओळखायला मुद्दाम शिकावं लागतं.

अशा वाक्यांना तिथल्या वर्गात 'छांग-नान-च्यू' म्हणतात: लांब-अवघड-वाक्य. शिक्षक सांगतात, आधी मुख्य खोड शोधा, मग फांद्या बघा. वरच्या वाक्यात खोड 'माणूस राहतो', बाकी फांद्या. फळ्यावर पद्धत छान चालते. परीक्षेत मात्र मुलं वाक्य शेवटपर्यंत वाचतात, खोड शोधतात, मग फांद्या उचलून चिनी क्रमाने पुढे आणून ठेवतात, म्हणजे डोळे एका वाक्यावरून तीनदा पुढेमागे धावतात. याहून बरी रीत म्हणजे इंग्रजीच्या क्रमानेच, छोट्या घासांत पुढे जाणं: तो माणूस / ज्याने मला सायकल विकली काल / राहतो / स्टेशनजवळ. या घासांना चिनीत 'यी-छ्युन' म्हणतात, अर्थांचे कळप. मेंढरं एकेक मोजायची नाहीत, कळप हाकायचा.

छोट्या जागाही पाय अडकवतात. चिनीत 'जरी' आलं की 'तरी' येतं, 'कारण' आलं की 'म्हणून' येतं. आपल्यासारखंच. इंग्रजीत जोडीतला एकच शब्द येतो आणि दुसरा समजून घ्यायचा असतो, त्यामुळे कलाटणी नेमकी कुठे आहे ते मुलांच्या नजरेतून सुटतं. 'ही डिड नॉट कम अंटिल सिक्स' या वाक्यात नकार दिसतो, म्हणून बरीच मुलं 'तो आला नाही' असं घेतात. चिनीत इथे 'त्साय' हा शब्द येईल, आणि त्याला मराठीत अगदी मापाचा शब्द आहे: 'तेव्हा कुठे'. सहा वाजले, तेव्हा कुठे आला. चिनीत क्रियापदाला काळ नसल्यामुळे 'शुड हॅव कम' म्हणजे यायला हवं होतं पण आला नाही, यातला न आलेला माणूस चिनी मुलाला दिसत नाही. आणि 'तो', 'ती', 'ते' या तिघांचा उच्चार चिनीत एकच, 'था'. लिहिताना अक्षरं वेगळी असतात, पण कान त्यांना एकच समजतो. म्हणून उताऱ्यात 'शी' आणि 'इट' कुणासाठी आले आहेत हा साधा प्रश्न परीक्षेत हमखास विचारला जातो आणि हमखास चुकतो.

मग किती शब्द आले म्हणजे वाचता येईल? चीनच्या मुख्य भूमीवरच्या २०१७च्या अभ्यासक्रमानुसार उच्च माध्यमिकच्या मुलाला साधारण ३,००० शब्द यायला हवेत. त्याआधी नववीअखेर १,६०० च्या आसपास. तैवानमध्ये विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेसाठी सहा पातळ्यांत विभागलेली सुमारे ६,००० शब्दांची यादी आहे. आकडे ऐकायला भक्कम वाटतात. पण न्यूझीलंडमधले अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब असा आहे की कोश न उघडता मजकूर नीट कळायचा तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या या पातळीवर वाचायच्या तर ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात. रीड, रीडर, रीडिंग मिळून एक कुटुंब.

टक्केवारीने काही कळत नाही, म्हणून मराठीतच करून बघू. काही शब्द मी बनवून घातलेत.

'आभाळ भरून आलं तशी आजीने दोरीवरचे कपडे लगबगीने आत आणले. तेवढ्यात शेजारचा पोरगा हातात गिमटी घेऊन भिजत धावत आला. आजीने ती त्याच्याकडून घेतली, पदराने पुसली आणि चुलीजवळ वाळत ठेवली.'

गिमटी म्हणजे काय, सांगता येणार नाही. पण ती हातात मावते, भिजते, वाळवावी लागते आणि आजीला तिची काळजी आहे, एवढं कळलं. टोपी असेल, वही असेल. गोष्ट अडली नाही. आता हाच उतारा असा वाचा:

'आभाळ भरून आलं तशी आजीने दोरीवरचे लुंभे झिपाट्याने आत आणले. तेवढ्यात शेजारचा पोरगा हातात गिमटी घेऊन दुरवत आला. आजीने ती त्याच्याकडून घेतली, पदराने खुरमली आणि चुलीजवळ वाळत ठेवली.'

अठ्ठावीस शब्दांत पाच अनोळखी. व्याकरण सगळं कळतंय, वाक्यं डोळ्यांखालून जाताहेत, पण पोरगा रडत आला की नाचत, आजीने ती वस्तू पुसली की फाडली, काहीच सांगता येत नाही. मुख्य म्हणजे आता गिमटीचा अंदाजही बांधता येत नाही, कारण ज्यांच्या आधाराने बांधायचा ते शेजारीही अनोळखी झाले. 'संदर्भावरून अर्थ ओळखा' असं आपण मुलांना सहज सांगतो. संदर्भ ओळखीचा असेल तरच ते जमतं.

याहून फसवा प्रकार म्हणजे शब्द ओळखीचा वाटतो पण अर्थ भलताच असतो. चिनीत नव्या शब्दाला 'कच्चा शब्द' म्हणतात आणि येणाऱ्या शब्दाला 'शिजलेला'. त्यावरून या प्रकाराचं नाव पडलंय 'शू-त्स शंग-यी': शिजलेला शब्द, कच्चा अर्थ. 'हाऊ आर यू' विचारलं की 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?' हे उत्तर चीनमधल्या दोन पिढ्यांना झोपेतून उठवलं तरी येतं. त्याच फाइनचा अर्थ उताऱ्यात दंड निघतो. बुक म्हणजे पुस्तक हे तिसरीत शिकलेलं असतं, आणि पुढे कुणीतरी टेबल 'बुक' करतं. (इथे मराठी मूल तरून जातं, कारण आपल्याकडे तिकिटापासून मंगल कार्यालयापर्यंत सगळं बुकच होतं.) ॲड्रेस म्हणजे पत्ता, पण 'ॲड्रेस अ प्रॉब्लेम' म्हणजे प्रश्नाला हात घालणं. यादीत एका शब्दासमोर एक अर्थ लिहून 'बेइ' करणाऱ्याची इथे हटकून फजिती होते. कच्चा शब्द दिसला की मूल निदान थांबतं. शिजलेला दिसला की बेधडक पुढे जातं.

हे सगळं ज्या प्रसंगासाठी चाललेलं असतं तो म्हणजे गाओकाओ, विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी, दोन तासांचा, १५० गुणांचा. चिनी आणि गणिताइतकंच वजन. पेइचिंग, शांघाय, थ्येनचिन आपापले पेपर काढतात. बाकी बऱ्याच प्रांतांत चालणाऱ्या नव्या राष्ट्रीय पेपरात ऐकण्याला ३० गुण, वाचनाला ५०, 'भाषेचा वापर' या भागाला ३० आणि लेखनाला ४०.

आपल्या भाषेत सांगायचं तर वाचनाचा भाग म्हणजे चार अनसीन पॅसेज. पहिला सहसा जाहिरात किंवा वेळापत्रकासारखा, माहिती शोधायचा. चौथा सगळ्यांत कठीण, बहुतेक वेळा एखाद्या संशोधनाबद्दल. पंधरा प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. कोपऱ्यातला तपशील विचारणारे, न सांगितलेलं ताडायला लावणारे, अधोरेखित शब्दाचा अर्थ विचारणारे आणि उताऱ्याचा गाभा विचारणारे. यादीबाहेरचे काही शब्द आले तर त्यांचे अर्थ कंसात चिनीत देतात. त्यानंतर 'छी-श्वेन-वू', सातातून पाच: उताऱ्यातली पाच वाक्यं उचललेली, खाली सात वाक्यं दिलेली, दोन फसवी. मला हा प्रकार फार आवडतो. तिथे शब्द येऊन भागत नाही. एका वाक्याचा धागा दुसऱ्यात कसा ओवलाय ते बघावं लागतं, 'धिस' कुणाकडे बोट दाखवतं, 'हाऊएव्हर'ने कुठे वळण घेतलं.

'भाषेचा वापर' या भागात गाळलेल्या जागांचा उतारा आहे. पंधरा जागा, प्रत्येकीला चार पर्याय, आणि चारही एकाच जातीचे: चारही क्रियापदं किंवा चारही विशेषणं. व्याकरणाने सुटत नाही. तिसऱ्या जागेचं उत्तर कधी कधी शेवटच्या परिच्छेदात लपलेलं असतं. आधी अख्खी गोष्ट वाचून घेणारं मूल इथे निवांत असतं; जागेला जागा भरत जाणारं मूल पाचव्या जागेवर चुकतं आणि ती चूक पुढच्या चार उत्तरांना ओढत नेते.

या पेपरची तयारी करण्याच्या रीतीला 'श्वा-थी' असा शब्द आहे. श्वा म्हणजे ब्रशने घासणं, थी म्हणजे प्रश्न. दात घासावेत तसे प्रश्न घासायचे, रोज, ढिगाने. घासून वेग येतो, भीती मोडते, हे मान्य. पण उतारा सोडवला, उत्तरं ताडून पाहिली, तेरा बरोबर दोन चूक, आणि पुढचा उतारा, यात नवं वाचन कुठे झालं? आधी आलं तेवढंच मोजून झालं. 'आधी प्रश्न वाचा, मग उत्तर शोधायला उताऱ्यात जा' हा सल्ला आपल्याकडच्या क्लासेसमध्येही चालतो. जाहिरातीच्या उताऱ्याला तो बरोबर आहे. चौथ्या उताऱ्याला तीच रीत लावली तर मुलाच्या हाती प्रश्नातल्या शब्दांशी जुळणारी चार वाक्यं लागतात, आणि पेपर काढणाऱ्याने चुकीचे पर्याय नेमके त्याच शब्दांतून विणलेले असतात.

पेपर काढणाऱ्यांनाही याची जाण आहे असं एका बदलावरून दिसतं. क्वांगचौमधल्या परदेशी भाषांच्या विद्यापीठातले प्राध्यापक वांग छूमिंग यांचं म्हणणं असं, की माणूस भाषा शिकतो ती समोरच्याचं अर्धं बोलणं पुढे नेताना, कारण पुढे न्यायचं तर त्याचे शब्द उचलावेच लागतात. चच्यांग प्रांताने ऑक्टोबर २०१६च्या परीक्षेत हे उतरवलं: एक अर्धवट गोष्ट द्यायची, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं द्यायची, आणि दीडशेएक शब्दांत मुलाने ती पुरी करायची. आता राष्ट्रीय पेपरात याला २५ गुण आहेत. गोष्टीत कुत्रा हरवलाय आणि मुलाला वाटलं मांजर, तर ते लगेच उघडं पडतं. वाचलंय की नाही हे मुलाच्याच लिहिण्यातून कळतं. (तपासनीस उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर वाचतात, म्हणून छापल्यासारखं गोल टपोरं इंग्रजी अक्षर गिरवायची साथ देशभर पसरली आहे. हपेइ प्रांतातल्या हंगश्वेइ शहरातल्या शाळेवरून त्या अक्षराला 'हंगश्वेइ वळण' म्हणतात. पाठांतर हाताच्या बोटांपर्यंत पोचतं ते असं.)

तैवानमध्ये नववीनंतरची परीक्षा मेमध्ये होते आणि २०१४ पासून तिथे गुणांऐवजी अ, ब, क असे तीन गट देतात. विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा जानेवारीत. २०२२ पासून तिच्यात मिश्र प्रश्न आले, म्हणजे पर्यायाला खूण करून सुटका नाही, उताऱ्यातून शब्द काढून तो वाक्यात बसेल अशा रूपात लिहावा लागतो. हाँगकाँगमध्ये इंग्रजी ही दुसरी राजभाषा, रस्त्यावरच्या पाट्याही दोन भाषांत. तिथल्या २०१२ पासूनच्या शालान्त परीक्षेत वाचनाचा पेपर दीड तासाचा. पहिला भाग सगळ्यांना सक्तीचा, दुसऱ्यात सोपा आणि अवघड यांतला एक निवडायचा. सोपा निवडला तर त्या पेपरात चौथ्या पातळीच्या वर जाता येत नाही. म्हणजे पेपर सोडवण्याआधीच स्वतःचं माप घ्यावं लागतं.

जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने नववीपर्यंतच्या मुख्य विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्या बंद केल्या, इंग्रजीसकट. १९९३ पासून चालत आलेल्या 'न्यू ओरिएंटल' या बड्या शिकवणी कंपनीने मग ऑनलाइन माल विकायला घेतला. जून २०२२ मध्ये तिथले माजी इंग्रजी शिक्षक दोंग यूहुई स्टेक विकताना पांढऱ्या फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून समजावू लागले आणि रातोरात देशभर गाजले. शब्द आणि वस्तू एकाच वेळी डोळ्यांसमोर. शिकवणी बंद झाल्यावरचा सगळ्यांत लोकप्रिय इंग्रजीचा तास असा मटणवाल्याच्या ओट्यावर भरला म्हणायचा.

मग घरी बसलेल्या पोराने करायचं काय? शब्दांसाठी यादी लागणारच, ती फेकून देऊन चालणार नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. चीनमध्ये त्याच्या नावाच्या वह्याच मिळतात, पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि पंधरावा दिवस अशा उजळणीचे रकाने छापलेल्या. वही उत्तम. फक्त शब्दासमोर चिनी अर्थ एकटा लिहू नये. तो ज्या वाक्यात भेटला ते आख्खं वाक्य लिहावं. 'फाइन: दंड' हे आठवड्यात विसरेल. सायकल लाल दिव्याला पुढे दामटणाऱ्याला झालेला दंड लक्षात राहील.

सोपी पुस्तकं भरपूर वाचणं हा दुसरा उपाय, आणि शाळा व पालक दोघेही त्याला सगळ्यांत आधी कात्री लावतात, कारण त्यात प्रश्न नसतात आणि गुणही नसतात. इथे सोपं म्हणजे खरोखर सोपं, पन्नासात एक शब्द अडेल असं. अकरावीतल्या मुलाला सातवीच्या पातळीची इंग्रजी गोष्ट द्यायला लाज वाटते. वाटू नये. वेग आणि कळप हाकायची सवय अशाच पुस्तकांतून येते.

तिसरं, एकच उतारा पुन्हा पुन्हा. तिसऱ्या शतकात वेइ राज्यात दोंग यू नावाचा पंडित होता. शंभर वेळा वाच, अर्थ आपोआप उमटेल, असं तो शिष्यांना सांगे. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर होतं की हिवाळा ही वर्षाची उरलेली वेळ, रात्र ही दिवसाची आणि पाऊस ही ऋतूची, तेव्हा वाच. चीनमधल्या शाळांत सकाळच्या वाचनाच्या तासाला सगळा वर्ग मोठमोठ्याने वाचत असतो, तो याच परंपरेचा नातू. त्या गलक्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. मुक्या शब्दांना तिथे आवाज मिळतो. पण शंभर वेळा वाचायला कुणाला फुरसत आहे? तीन पुरेत, तीन वेगळ्या कामांसाठी. पहिल्यांदा न थांबता शेवटपर्यंत, अडलेल्या शब्दांखाली नुसती रेघ. दुसऱ्यांदा रेघांकडे परत जाऊन, वाक्यं कळपांत तोडून. आधी अंदाज, मग कोश. तिसऱ्यांदा मोठ्याने.

आणि मग उतारा पालथा घालून, हवं तर खरोखर त्याच्याकडे पाठ करून, घरात जो कुणी मोकळा असेल त्याला तो आपल्या भाषेत सांगायचा. इंग्रजी न येणारी आजी असली तर उत्तमच. ती आकडे आणि नावं विचारणार नाही. ती विचारेल, 'मग त्या बाईने नोकरी का सोडली?' सांगता आलं नाही, तर उतारा पुन्हा सुलटा करायचा.